एक्केचाळीस नंबरचा खिळा

तांबट आळीतून एक पितळी बिल्ला आणायचा आणि काचहॉलवर पोचवायचा, एवढंच काम होतं. पण हडपसरहून निघताना उल्काच्या पिशवीत मुक्ताईचा एक स्वेटर, शिवाय दुसरा स्वेटर, तापाचं औषध आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. पाच वर्षांच्या मुलीला एक शिंक आली, की उल्काच्या मनात थेट आयसीयूचं दार उघडायचं. हे तिचं तिलाही कळत होतं. इतिहासात एम.ए. झालेली बाई, स्वतःवर हसण्याइतकी शहाणी होती. हसून झालं, की ती पुन्हा बाटलीचं झाकण तपासायची.

नारायण पेठेच्या नदीकडच्या टोकाला काचहॉल उभा आहे. कागदोपत्री त्याचं नाव 'स्वदेशी वस्तुप्रदर्शनगृह', पण त्या नावाने रिक्षावाल्याला सांगितलंत तर तो तुम्हालाच पत्ता विचारील. सव्वाशे वर्षांपूर्वी गावातल्या कारागिरांचा माल मांडायला लोकांनी वर्गणी काढून तो बांधला. बिडाचे खांब, सागवानी सज्जे आणि वर काचेचं छप्पर. दुपारी चार वाजता त्या छपरातून जो उजेड उतरतो, त्यात दहा रुपयांचं मडकंसुद्धा राजघराण्यातलं दिसतं. प्लेगात इथे खाटा पडल्या. लढाईच्या दिवसांत रेशनच्या पोत्यांची थप्पी लागली. पानशेतच्या पुरात सज्ज्यांवर चारशे माणसं राहिली, पाण्याची रेघ अजून खांबांवर आहे. आणि आता इथेच पैठण्या, पुस्तकं, सेंद्रिय गूळ आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे रोबो आलटून पालटून नांदतात. हॉलच्या इतिहासाचे फलक लिहायचं काम विश्वस्तांनी उल्काला दिलं होतं. मूल झाल्यानंतरचं तिचं हे पहिलं काम. तिने ते जीव ओतून केलं होतं, आणि रोज रात्री सगळं चुकलं असणार असं सलिलला, नवऱ्याला, सांगितलं होतं.

हॉलचा खरा मान होता तो दारातल्या बिल्ल्यांचा. शिसवी फळी, तिच्यावर शंभर खिळे. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक बिल्ला घालायचा, वहीत नाव आणि पत्ता लिहायचा, आणि जाताना बिल्ला काढून पुन्हा त्याच्या खिळ्यावर लावायचा. हे काम दारावरच्या हिंमतरावांच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. फळीवर त्यांनी रंगवलेली पाटी होती: 'हॉल आम्ही सांभाळतो. मुलं आपली आहेत, निदान ती आपण सांभाळा.'

शंभरातला एक्केचाळीसचा खिळा तेवढा रिकामा होता. पहिल्याच प्रदर्शनाच्या वहीतलं, एक्केचाळीसचं नाव-पत्ता असलेलं पान वाळवीने खाल्लेलं. रोज संध्याकाळी बिल्ले मोजून झाले, की हिंमतराव खाली आवाजात म्हणायचे, "एक सोडून सगळे आले." मग मोठं दार लावायचे आणि त्यातल्या लहान दिंडी-दरवाजाची कडी मोकळी ठेवायचे. उल्काने एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, कारण विचारायला आमच्या आजोबांच्या वेळी यायला हवं होतं.

पण उल्काने फलकावर लिहिलं होतं, 'सव्वाशे वर्षांत या वास्तूत एकही मूल हरवलेलं नाही.' त्या वाक्याखाली फळीचा फोटो. त्यात तो रिकामा खिळा पडलेल्या दातासारखा दिसत होता. म्हणून तिने तांबट आळीत नवा बिल्ला करून घेतला.

"ताई, तो राहू द्या तसाच," हिंमतराव म्हणाले.

"अहो, एक बिल्ला तर हरवलाय. त्याचं एवढं काय?"

"बिल्ला खिळ्यावर आला म्हणजे मूल आपल्या माणसांत आलं. खोटं कशाला सांगायचं फळीला?"

उल्काने स्वतःच्या हाताने तो खिळ्यावर चढवला. शंभरच्या शंभर पितळी गोल लखलखले, आणि तिचा ऊर अभिमानाने भरून आला. हिंमतरावांनी बारा नंबर काढून मुक्ताईच्या गळ्यात घातला आणि वहीत हडपसरचा पत्ता लिहून घेतला.

संध्याकाळी सहाला फलकांचं उद्घाटन होतं. जानेवारीतला दिवस, छपराची काच राखाडी होत चाललेली. विश्वस्तांनी नव्या दिव्यांचं बटण दाबलं आणि हॉलमधली सगळी वीज गेली.

कुणीतरी हसलं. कुणीतरी महावितरणचा उद्धार केला. उल्काचा हात बाजूला गेला तो मुक्ताईच्या डोक्यावर ठेवायला, आणि तिथे काहीच नव्हतं.

तिने हाक मारली. मोबाइलच्या उजेडात खांब एकेक करून पुढे येत होते आणि मागे सरत होते. हवेत अचानक ओल्या चुन्याचा वास दाटला, त्यात कापूर मिसळलेला. मग वरून, सज्ज्याच्या लोखंडी जिन्यावरून, बारीक आवाज आला. टिण… टिण… पितळ लोखंडाला लागल्यासारखा. आवाज जिना उतरत होता. उल्का धावत चढली. जिन्यावर कुणी नव्हतं. फक्त तिच्या अंगावरून एक गार झुळूक खाली गेली, आणि तळाशी दिंडीचं दार करकरलं.

सज्ज्यातल्या बाकावर मुक्ताई पाय हलवत बसली होती.

"मुक्ता… कुठे गेली होतीस?"

"ताईबरोबर होते."

"कोणती ताई?"

"परकरवाली. तिला घरी जायचंय. पण तिच्या खिळ्यावर कुणीतरी दुसराच लावलाय ना… म्हणून मी तिला माझा दिला. आणि तिला थंडी वाजत होती."

वीज आली. मुक्ताईच्या गळ्यात एक जुना, झिजून पातळ झालेला बिल्ला होता. अंक बोटाने चाचपावे लागले. एक्केचाळीस.

हिंमतरावांनी तो हातात घेतला, अंगठ्याने पुसला. मग नवा बिल्ला काढून खिशात टाकला आणि जुना हळूच खिळ्यावर चढवला. आता बारा नंबर रिकामा होता. त्यांनी वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि उल्काकडे पाहिलं. पत्ता वाचून दाखवायची गरज नव्हती.

कॅबमध्ये उल्काने स्वतःची पुरेशी समजूत घातली. अंधारात पोरांनी बिल्ले बदलले असतील, जुना कुठल्या फटीत सापडला असेल. मुक्ताईला स्वेटर घालताना पिशवीत एकच स्वेटर निघाला, तेव्हा मात्र तिने पिशवी तळापर्यंत उपसली. सलिल अजून ऑफिसात होता. फ्लॅटला बाहेरून कुलूप होतं. तिने ते उघडलं, दिवा लावला.

दाराच्या आतल्या बाजूला किल्ल्यांचा खिळा आहे. त्यावर बारा नंबरचा बिल्ला होता. हलत होता.

"पोचली," मुक्ताई म्हणाली आणि चपला काढायला बसली.

उल्काने तो काढायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. कुणाचं तरी मूल आपल्या माणसांत आलं होतं. त्या खिळ्यावरून ते उतरवायचं कुणी?

तो फलक काचहॉलमध्ये अजून आहे. हॉल दाखवायला पाहुणे नेले की उल्का त्या वाक्यापाशी हमखास थांबते. एक शब्दही बदलायची गरज पडली नाही, असं मान ताठ करून सांगते. बाराचा खिळा मात्र ती कुणाला भरू देत नाही.

तो दुसरा स्वेटर मुक्ताई कधीच घालत नाही. तरी दर रविवारी तो धुवायच्या टोपलीत असतो, मनगटाशी चुन्याने पांढरा झालेला.