दुसऱ्या अंतऱ्याआधीचा श्वास

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर अंगठ्याने वर सरकवा आणि पुढचं काहीतरी बघा. तसंही हल्ली कुणाला थांबायला वेळ कुठे आहे?

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणे. माझ्या वाट्याला भर दुपार आली. जेवणं उरकून लोक जरा आडवे होतात ना, ती वेळ.

जागा म्हणजे रेडिओ स्टेशनचा तिसरा मजला. भिंतींना राखाडी फोम, मधे एक मोठी काच, काचेच्या अलीकडे मी आणि पलीकडे टेपकाका.

मी तिथे रोज दुपारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करते. नोकरी म्हणून करते हे खरं, पण पगार मिळाला नसता तरी केला असता, इतकं मला गाण्यांचं वेड आहे. टेपकाका आमचे ध्वनिमुद्रक. टेपच्या जमान्यात लागले, टेप गेली, काका राहिले. म्हणून हे नाव.

आधी माझी चिडचिड ऐकून घ्या. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मला आजची गाणी आवडत नाहीत असं नाही. काही चांगली असतात. पण ती सुरू कधी होतात आणि संपतात कधी, हेच कळत नाही. पूर्वी गाणं आधी दार वाजवायचं, मग घरात यायचं. आता ते थेट सोफ्यावर येऊन बसलेलंच असतं. सुरुवातीचं संगीत गेलं. दोन अंतऱ्यांच्या मधलं संगीत गेलं. दुसरा अंतराच गेला! एक ओळ, तिच्याखाली धाडधाड ठोका, आणि तीच ओळ पुन्हा. तेवढ्यावर लोक नाचून व्हिडिओ टाकतात आणि पुढच्या आठवड्यात विसरून जातात.

आवाज तर इतका इस्त्री केलेला, की गाणाऱ्याला नाक आहे की नाही अशी शंका यावी. श्वाससुद्धा पुसून टाकतात.

माझ्या आवडीच्या एका गाण्यात शेवटची ओळ गाताना गायिका किंचित हसते. चुकून हसली असणार. एका गाण्यात लांब कुठेतरी खुर्ची करकरते. मी शाळेत असल्यापासून त्या खुर्चीची वाट बघत ते गाणं ऐकते. असल्या गोष्टी आता कुणी ठेवतच नाही. हे बोलले की माझी आई मला म्हणते, "तुझ्या कॅसेट लागल्या की मीही असंच डोकं धरून बसायचे." म्हणजे थोडा वयाचाही दोष असेल. मान्य.

पण सगळ्यात आवडतं गाणं विचाराल, तर त्याचं कारण वेगळं आहे.

त्या गाण्यात माझा मामा आहे.

मामा क्लॅरिनेट वाजवायचा. गायिकेचं नाव झालं, संगीतकाराचं झालं, मागे बसलेल्या वादकांची नावं कुणी छापली नाहीत. मामाचं आयुष्य मागच्याच रांगेत गेलं. त्याच्या वाट्याला एकट्याने वाजवायचा एकच तुकडा आला... त्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी. बाकी सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकटा मामा वाजवतो.

आणि त्याच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो.

खोल, घाईघाईत घेतलेला. ध्वनिमुद्रण झाल्यावर संगीतकार म्हणाले होते, राहू दे, छान वाटतोय.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी शेवटी त्याला जिना चढायलाही श्वास पुरत नव्हता. घरात त्याचा एकही व्हिडिओ नाही. बोलतानाचा आवाज कुठेच नाही. उरलाय तो एवढाच, एक श्वास आणि एक तुकडा.

मी ते गाणं लावलं की घरी आई पदर खोचून रेडिओसमोर बसते. तुकडा संपला की उठते. पुढचं गाणं ऐकतही नाही.

तर आमच्याकडे नवे साहेब आले. आम्ही त्यांना स्किपसाहेब म्हणायचो, अर्थात पाठीमागे. त्यांनी मीटिंगमध्ये भिंतीवर एक आलेख दाखवला.

"मधलं संगीत सुरू झालं की लोक स्टेशन बदलतात," ते म्हणाले. "जुन्या गाण्यांतलं सगळं मधलं संगीत काढा. मुखडा, अंतरा, अंतरा, संपलं."

"सर, मग गाण्यात राहिलं काय?" मी विचारलं.

"गाणं राहिलं ना मॅडम!"

"त्यात माणसं वाजवतायत. माझा सख्खा मामा आहे त्यात."

ते हसले. वाईट हसले नाहीत, म्हणूनच जास्त राग आला. "मॅडम, तुम्ही चाहत्या आहात. आपल्याला श्रोते हवेत."

मी टेबलावर पेन आपटलं. घरी जाऊन ताटावर बसून बडबडले. मैत्रिणीला फोन करून तासभर बोलले.

आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. काय करणार?

कापायचं काम टेपकाकांकडे आलं. आमच्याकडे नवी फाइल जुनीच्या जागीच बसते, म्हणजे चुकून जुनी लागायला नको. कापलं की मूळ गेलं. मामाच्या गाण्याशी काका आले तेव्हा त्यांनी मला काचेपलीकडून खूण केली.

"अगं, तुकडा काढावा लागला. पण श्वास ठेवलाय बघ. तुझ्या मामाची आठवण म्हणून. लोकांना वाटेल गाणाऱ्या बाईंनीच घेतला, नि लगेच अंतरा सुरू. सांधा कळतसुद्धा नाही."

काकांचे डोळे ओले होते. प्रेमाने केलं होतं त्यांनी. मी मान डोलावली.

त्या दुपारी मी ते गाणं लावलं.

मुखडा झाला. पहिला अंतरा झाला.

मग... श्वास.

आणि लगेच गायिका.

काही झालं नाही. दिवे गेले नाहीत, दार वाजलं नाही. फक्त माझ्याच छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. घेतलेला श्वास कुणी सोडलाच नव्हता.

माझा मोबाइल वाजला. आई होती.

"माझ्या धाकट्या भावाला वाजवू का दिलं नाही?"

"आई, साहेबांनी..."

"त्याने श्वास घेतला होता गं," ती म्हणाली. "श्वास घेऊन बसलाय तो. आता काय करेल तो?"

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वेगळंच गाणं लावलं. त्यात क्लॅरिनेट नाही, मामा नाही. पहिला अंतरा संपला आणि...

श्वास.

तोच. खोल, घाईघाईतला.

मी काचेतून काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते.

"तुम्ही टाकलात?"

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

मग तो सगळीकडे यायला लागला. बातम्यांच्या आधी. साबणाच्या जाहिरातीत. संध्याकाळच्या धाडधाड गाण्यांत, जिथे श्वास पुसणारी यंत्रं असतात, तिथेसुद्धा. काकांनी मामाच्या गाण्यातून तो काढून टाकला. फाइल पुन्हा वाजवली.

मुखडा. अंतरा.

श्वास...

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

त्यानंतर शांतता सुरू झाली.

आमच्याकडे एक लाल दिवा आहे. काही सेकंद प्रसारणात काहीच गेलं नाही की तो लागतो आणि यंत्र आपोआप दुसरं गाणं सोडतं. वर्षात एखाद्या वेळी लागायचा. आता रोज लागायला लागला. गाणं चालू असायचं, श्वास यायचा आणि पुढे काहीच नाही. जागा मोकळी ठेवल्यासारखी. दिवा लागायचा, यंत्र उडी मारायचं, नव्या गाण्यातही थोड्या वेळाने तेच.

स्किपसाहेब लालबुंद. माणसं बोलावली, तारा बदलल्या. काही सापडलं नाही.

पण मला खरी भीती कशाची वाटली सांगू?

एकाही श्रोत्याने तक्रार केली नाही. एकानेही! दिवसभर गाण्यांना भोकं पडत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. कुणी ऐकतच नव्हतं. नुसतं चालू असायचं.

शेवटी काकाच म्हणाले, "त्याला वाजवायचंय. वाजवू द्यावं लागेल."

"कसं? मूळ तर गेलं."

"आईंकडे कॅसेट असेल."

होती. मामानेच दिलेली. मी आणायला गेले तर आई देईना. "तुमच्या हातात देणार नाही," म्हणाली. "मी घेऊन येते." आणि चप्पल घालून निघालीच.

दुपारची वेळ. आई माझ्या शेजारी खुर्चीवर, मांडीवर पर्स. काकांनी कुठूनतरी जुना डेक काढून जोडला होता. साहेब दारात हाताची घडी घालून उभे राहिले. नाही म्हणायची ताकद त्यांच्यातही उरली नव्हती.

मी माईकवर एवढंच म्हणाले, "हे गाणं आज पूर्ण ऐकू या."

कॅसेट खरखरली. मुखडा. पहिला अंतरा. मी टेबलाची कड घट्ट धरली.

श्वास...

आणि शांतता.

एक सूर नाही. कॅसेटची खरखरही नाही. मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. म्हटलं, संपलं. हेही गेलं. मामा कायमचा गेला.

मी दिव्याकडे पाहिलं. आता लागेल, आता लागेल...

दिवा लागला नाही.

आवाज मोजणारा काटा मात्र नाचत होता. वर जात होता, थरथरत होता, हळूच खाली येत होता.

मी काकांकडे पाहिलं. ते हेडफोन कानांवर दाबून धरत होते, पुन्हा पुन्हा. साहेबांनी दारातून विचारलं, "काय झालं? आवाज का नाही?"

आई डोळे मिटून बसली होती. पर्सवर तिची बोटं हलत होती... एकेक उचलत, एकेक टेकवत. लहानपणी मामाचा रियाज बघून शिकली असेल तशी.

तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

मग एकदम गायिकेचा आवाज आला. दुसरा अंतरा.

आईने डोळे उघडले. "आज शेवटचा सूर जरा लांबवला नाही त्याने?" ती म्हणाली.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आणि स्टुडिओतला श्रोत्यांचा फोन वाजायला लागला. महिनोन्महिने न वाजलेला तो फोन. एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. "काय वाजवलंय हो! कोण आहेत हे? इतकी वर्षं गाणं ऐकतोय, शेवटचा सूर एवढा लांब कधी नव्हता."

मग एका मुलीचा फोन. आवाजावरून विशीतली. गाडी बाजूला लावून ऐकलं म्हणाली.

त्या दिवसापासून श्वास थांबला. दिवा पुन्हा लागला नाही. साहेबांनी एक शब्द न बोलता कापाकापी बंद करवली. टेपकाका लवकरच निवृत्त झाले. घरात रेडिओ ठेवत नाहीत म्हणतात.

म्हणजे सगळं ठीक झालं, असं तुम्ही म्हणाल.

मला तो तुकडा आजही ऐकू येत नाही.

स्टेशनवर लावते, श्वास येतो, मग शांतता. काटा नाचतो. लोक फोन करून वाहवा करतात आणि मी "धन्यवाद" म्हणते. घरी कॅसेट लावली तरी तेच. चाल आठवून बघितली... शाळेपासून पाठ असलेली चाल. तिथे आलं की डोकं एकदम कोरं होतं.

काकांनी कापलं, त्यांना ऐकू येत नाही, समजू शकते. साहेबांनी सांगितलं, त्यांनाही नाही. पण मी? मी तर एकटी भांडले होते! त्या अख्ख्या इमारतीत त्या तुकड्यावर माझ्याइतकं प्रेम कुणाचं होतं?

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. आई पालेभाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, तो तुकडा नुसता गुणगुणून दाखव ना."

"एवढंच ना?" ती म्हणाली. तिने भाजी बाजूला सारली, मान जराशी वर केली.

श्वास घेतला...

तिचे ओठ हलत होते. मान डोलत होती. बोटं मांडीवर उचलत होती, टेकत होती.

मला फक्त पंखा ऐकू येत होता.

"कसं वाटलं?" आईने विचारलं.

मी "छान" म्हणाले.

मी कापलं नव्हतं हो. मी फक्त चिडले होते, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले होते.