जरा थांबता का?

हौशी रेडिओवाल्यांत त्यांना सगळे 'आधी आपण' म्हणत. दोघं एकदम बोलायला लागले की ते लगेच माघार घेत आणि म्हणत, "आधी आपण." तारखात्यातून निवृत्त झाले, पण सभ्यपणाची नोकरी काही सुटली नव्हती. बटण दाबण्याआधी मिनिटभर कान देऊन ऐकायचं, मग विचारायचं, "ही फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का?" आणि कुणी 'नाही' म्हटलं तर निमूटपणे बाजूला व्हायचं. नव्या मंडळींना हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्यांचा आवाज आला की अर्धे लोक जांभया द्यायला लागत.

त्यांची मुलगी एका बेटावरच्या हवामान केंद्रात नोकरीला होती. तिथे फोन पोचत नसे. रोज सकाळी साडेसातला, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, तिची बॅटरी पुरेल तेवढी दहा मिनिटं बाप-लेक बोलत. त्या दहा मिनिटांवर घरातला उरलेला दिवस निघे.

सोमवारी त्यांनी नेहमीप्रमाणे कान दिला. सगळं सामसूम होतं. त्यांनी विचारलं, "ही फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का?"

"नाही," एक पुरुषी आवाज अदबीनं म्हणाला. "बोलणं चालू आहे. जरा थांबता का?"

"माफ करा," म्हणून ते थांबले. आठ वाजले तरी नुसती खरखर.

"काय म्हणाली?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"बोलणंच झालं नाही. कुणीतरी आधीच होतं."

"अहो, मग सांगायचं ना, लेक वाट बघतेय म्हणून!"

"असं कसं सांगणार? फ्रिक्वेन्सी काय आपल्या मालकीची आहे?"

बायकोनं कपाळाला हात लावला.

मंगळवारी तेच झालं. त्या माणसाची ढब मात्र ओळखीची वाटली. वाक्य संपलं की तो घसा खाकरायचा, बारीकसा, दोनदा. अशी खोड ऑफिसात कुणाला होती बरं, हे आठवण्यात त्यांची सगळी सकाळ गेली. दुपारी जेवताना बायको म्हणाली, "किती खाकरता हो!" त्यांचा घास हातातच राहिला.

बुधवारी त्यांनी विचारलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. रेडिओ लावला मात्र, आणि मुलीचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"ताप उतरलाय, बाबा. काल तुम्ही सांगितलंत तशी पडून राहिले."

तिला ताप होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"शाब्बास," तो आवाज म्हणाला आणि दोनदा खाकरला. "शुक्रवारच्या बोटीनं निघ. मी धक्क्यावर येतो न्यायला."

त्यांना भीती वाटली. मुलगी धक्क्यावर उतरेल आणि त्याच्याबरोबर चालायला लागेल, एवढंच डोळ्यांपुढे आलं. बटण दाबून ते ओरडले, "बाळा, मी बोलतोय! तुझा बाबा! तो मी नाही!"

बटण सोडून त्यांनी कान दिला.

"बाबा, मध्येच कुणीतरी ओरडतंय."

"असतात असे लोक. उत्तर द्यायचं नाही. आपलं बोलणं चालू ठेवायचं."

"हो, तुम्हीच तर शिकवलंत."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा हाक मारली. लेक बोटीच्या वेळेबद्दल बोलत राहिली.

दार उघडलं. बायको चहा घेऊन आत आली. रेडिओवर लेकीचं हसणं ऐकून तिचा चेहरा खुलला.

ते धडपडत उठले. "ऐक, तो मी नाही."

तिनं कप त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. मग त्यांच्याकडे वळून ती हसली, परक्या माणसाकडे बघून हसतात तशी, आणि भिंतीजवळचं स्टूल पुढे केलं.

"बसा ना," ती हळू आवाजात म्हणाली. "हे लेकीशी बोलतायत. झालंच इतक्यात."