कस्तुराबाईंचे उपास

सुवर्णानं साबुदाण्याची ताटली सासूपुढं ठेवली आणि आपल्या बॅगेची चेन ओढली. "चारच्या यष्टीनं दौंडला जाते, आत्या. तुमच्या लेकाला सांगितलंय. बाळंतपण माहेरीच होईल... पुढचं पुढं बघू."

कस्तुराबाईंनी तिच्याकडं पाहिलं. सातव्या महिन्यातली सून एकदा उंबरा ओलांडून गेली की परत यायची नाही, हे तिच्या कोरड्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. का, म्हणून विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तोच छातीतून आग उसळली आणि घशाशी आंबट पाणी आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सहा महिने हेच चाललं होतं. तिखट कालवण उतरत नव्हतं, आडवं पडलं की जळजळ, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलक्या! त्यांची आई अशीच घास टाकता टाकता कॅन्सरनं गेली होती. आपलंही तेच, असं बाईंनी एकटीनंच ठरवून टाकलं... आणि पोटुशी असलेल्या पोरीला घोर नको म्हणून उपासांचं निमित्त पुढं केलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी! रिकाम्या पोटात चहा आणि शेंगदाणे ढकलून दुखणं वाढतच होतं, ते मात्र त्यांना उमगत नव्हतं.

"एवढं कडक उपास नातवासाठीच ना?" सुवर्णानं विचारलं. "समदं वडगाव तेच म्हणतंय. मला पोरगी झाली, तर परत आणाल का?"

कस्तुराबाईंनी साबुदाण्याची ताटली बाजूला सारली. जिच्यासाठी लपवलं, तीच मनातल्या मनात झुरत होती...

"न्हाई गं बाई. उपास देवाचं न्हाईतच. घास उतरत न्हाई म्हून खोटं बोलले. आईचा रोग मलाबी झालाय... तुझं बाळ येईस्तवर कुणाला सांगायचं न्हवतं."

सुवर्णा सासूच्या गळ्यात पडून रडली. "आन् मी तुमास्नी वैरीण समजले, आत्या..."

चारच्या एसटीनं दोघी निघाल्या. दुसऱ्या सकाळी दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून तपासलं. "कॅन्सर नाही. पोटातलं ॲसिड वर येऊन अन्ननलिकेला सूज आलीय. गोळ्या घ्या, थोडं थोडं वेळेवर जेवा, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आणि उपास बंद."

दुपारी माहेरच्या ओट्यावर सुवर्णानं त्यांना मऊ भात वाढला. "आत्या, पोरगी झाली तर नाव तुमीच ठेवायचं."

नाव त्यांनी कधीचंच ठरवलं होतं. त्या नावानं हाक मारायला आपण उरू, एवढंच त्यांना वाटलं नव्हतं.