नकाशांच्या खोलीतले सर

डिसेंबरच्या धुक्यात गंगापूर रोड दिसेनासा झाला होता, आणि कॉलेजच्या दारातलं हजेरीचं मशीन मला ओळखायला तयार नव्हतं. मी चेहरा पुढे नेला, मागे घेतला, मान तिरकी केली. मशीन ढिम्म.

"स्कार्फ खाली घ्या, मॅडम. नाक दिसल्याशिवाय त्याला करमत नाही."

मी वळले. राखाडी स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, आणि सकाळी सात वाजता कोणाच्याही डोळ्यांत असू नये इतकं हसू. मी स्कार्फ खाली केला तर लगेच हिरवा दिवा लागला.

"आता तुमचं," मी बाजूला झाले.

"माझ्या नाकात त्याला रस नाही," असं म्हणून तो सरळ आत गेला. वॉचमननं मानही वर केली नाही. मला उगाचच राग आला. असल्या रागाचं पुढे काय होतं हे कळण्याइतकी मी मोठी होते, पण कोण लक्ष देतंय!

मी तेजस्विनी. अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभी असते तेवढ्याच वेळापुरती मी कॉलेजची. सत्र संपलं की नेमणूक संपली. मग पुन्हा मुलाखत, तेच चेहरे, तेच प्रश्न. स्टाफरूममधल्या खुर्च्या कायम असणाऱ्यांच्या. तसं कुठं लिहिलेलं नाही, पण बसून तर बघा! म्हणून मधल्या वेळात मी वरच्या मजल्यावर, भूगोलाच्या जुन्या नकाशांच्या खोलीत जायचे. त्या दिवशी गेले, तर स्वेटरवाले खिडकीशी बसलेले.

"धनराज. सटाण्याचा. भूगोल," त्यानं ओळख करून दिली. "खोलीत खुर्ची एकच आहे. भांडायचं का?"

"जुन्या माणसाला मान. तुम्हीच बसा."

"जुना म्हणालात... मग मी उभाच राहतो."

असं सुरू झालं आमचं. रोज तो उभा, मी बसलेली, आणि भिंतीवर पिवळे पडलेले नकाशे. त्याला अहिराणीत काहीतरी बोला म्हटलं, की खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "तू भलती गोड शे." अर्थ विचारला तर म्हणायचा, आज थंडी फार आहे.

एकदा शिपाई कुसाबाई चहा घेऊन आल्या. कप एकच.

"मावशी, सरांना नाही का?"

कुसाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. ती धनराजवरूनही गेली, पण थांबली नाही. "कोणते सर, मॅडम?" असं हळूच विचारून त्या निघून गेल्या. त्यानंतर त्या चहा दाराबाहेरच ठेवायला लागल्या.

तासिकावाल्यांना माणसांत धरत नाहीत, मी मनात म्हटलं. पण मग एक दिवस जिन्यात प्राचार्य समोरून आले. धनराज म्हणाला, "नमस्कार, सर." ते थेट त्याच्या रोखानं चालत आले. धनराज भिंतीला चिकटला म्हणून बरं... नाहीतर काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

"हे काय आहे?" खोलीचं दार लावून मी विचारलं.

"भूगोलाला मुलं येईनात. वर्कलोड गेला, तसे माझे तासही गेले. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं आलो, तर मशीननं पाहिलं नाही. मग वॉचमननं. मग सगळ्यांनीच."

"तुम्ही... जिवंत आहात ना?"

"दर शनिवारी घरी जातो. आई भाकरी वाढते, वाळलास म्हणते. शेजारचे मुली सुचवतात. मेलेल्या माणसाला कोण मुली सुचवेल, मॅडम?"

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. "मग इथं येता कशाला?"

"घरी सांगितलेलं नाही. आणि रोज येतोय तोवर, नोकरी गेली असं कुठं म्हणता येतं?"

"मला कसे दिसता?"

"तुमचं नाव इथं पेन्सिलनं लिहिलंय. तसल्यांनाच दिसतो मी."

सत्र संपत आलं, तेव्हा त्याच्या बोलण्याचा अर्थ मला कळला. कँटीनवाला माझ्या डोक्यावरून मागच्याला चहा देऊ लागला. मुली गुड मॉर्निंग म्हणेनाशा झाल्या. एका सकाळी मशीनसमोर कितीतरी वेळ उभी राहिले, तरी पडद्यावर नुसता मागचा रस्ता दिसत होता. भयंकर गोष्ट अशी, की मी जसजशी पुसट होत होते, तसतसा तो मला स्वच्छ दिसत होता. कानाजवळचा तीळ दिसला. पापण्या दिसल्या. आणि मला ते आवडत होतं.

"तुझंही सुरू झालं," तो म्हणाला. तू म्हणाला, पहिल्यांदाच.

त्याच आठवड्यात पूर्ण वेळेची एक जागा निघाली. कंत्राटी, अकरा महिन्यांची, पण रोजची. मुलाखत झाली. माझी निवड झाली.

"नाही घेत मी," मी त्याला सांगितलं. "घेतली तर तू दिसणार नाहीस."

"घे."

"धनराज..."

"असं राहण्यात मजा नाही, तेजू. मी राहून बघतोय."

"मग तूही सोड हे येणं. घरी खरं सांगून टाक."

"सांगितल्यावर कोण उरेन मी?"

"माझा," मी म्हणाले. तोंडून निघूनच गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रुजू झाले त्या सकाळी मशीननं मला लांबूनच ओळखलं. कुसाबाईंनी चहाबरोबर बिस्किटं आणली. "खाली खुर्ची लावलीय, मॅडम. आता वर एकट्या कशाला बसता?"

मी तरी वर गेले. खोली रिकामी होती. खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "शनिवारी सटाण्याच्या बसमध्ये बसणार आहे मी. मला दिसणार नाहीस, माहितेय. तरी ये." खिडकी बंद होती. भिंतीवरचा नकाशा मात्र हलला.

शनिवारी बसमध्ये शेजारची सीट कोणालाच दिली नाही. पंचवटी गेली, आडगाव मागं पडलं, दोन्हीकडे द्राक्षबागा लागल्या. सीटवर नुसतं फाटकं रेक्झिन. मला रडू येत होतं, आणि ते या माणसासाठी येतंय याचा संतापही.

कंडक्टर आले. "ताई, कुठं?"

"सटाणा."

"तुमचं लेडीज हाफ. साहेबांचं फुल ना?"

ते शेजारच्या सीटकडे बघत होते. मी बघितलं. काहीच नव्हतं.

"त्यांनाच विचारा," मी कसंबसं म्हणाले.

"काय साहेब, नाशकात नोकरीला का?" कंडक्टरनं तिकीट काढता काढता सहज विचारलं.

बस एका खड्ड्यातून उसळली. मी डोळे गच्च मिटले. हो म्हण, नाही म्हण, पण बोल... आणि मग माझ्या खांद्याशी, अगदी जवळ, कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं,

"होती. गेली."

"जाऊ द्या, लागेल दुसरी," कंडक्टर म्हणाले आणि पुढे सरकले.

मी डोळे उघडले. आधी तिकीट धरलेली बोटं दिसली, मग स्वेटरची बाही, मग तो. रडत होता. मी त्याचा हात धरला. गार होता, पण होता.

"आता आईला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"आत्ता सांगितलंस तेच," मी म्हणाले. "आणि मी कोण, ते मी सांगते."