सातवी फाइल

खोटं वाटेल, पण हे खरंच घडलंय. फिलिपिन्समधल्या इलोइलो बंदराजवळ, खलाशी भरती करणाऱ्या एका कचेरीत. ऑक्टोबरातला मंगळवार, भर दुपारी तीनची वेळ.

हर्मिनिया तिथे खलाशांची कागदपत्रं पाठवायची. त्या दिवशी सात खलाशी होते, सात फाइल्स. पाचच्या आत त्या सिंगापूरच्या एजंटकडे पोचायला हव्या होत्या.

तिने सातही मेलला जोडल्या. पाठवल्या.

उत्तर आलं... "सहाच मिळाल्या."

फेलिसितोची नव्हती.

तिच्याकडे तर सातही गेलेल्या दिसत होत्या. तिने पुन्हा पाठवल्या. सहाच. त्याची फाइल लहान केली. नाव बदललं. शेवटी ती एकटीच पाठवली.

मेल पोचला... रिकामा.

फेलिसितो समोरच बाकावर बसला होता. तो तिला मनांग म्हणायचा, म्हणजे ताई; ती त्याला तोतो, म्हणजे बाळ्या. "मनांग, माझं थोबाड जड झालंय वाटतं!"

"गप रे तोतो. बघू दे."

फाइलच खराब असेल म्हणून तिने ती उघडली. पहिल्याच पानावर त्याचा फोटो.

केस ओले होते.

"आंघोळ करून तसाच फोटो काढलास की काय?"

"छे! सलूनमधून थेट गेलो होतो."

तिने फाइल बंद केली. पुन्हा उघडली.

आता कॉलरही ओली होती... हनुवटीखाली पाण्याचा थेंब लोंबत होता.

डोक्यावर पंखा फिरत होता. पण त्याचा आवाज येत नव्हता.

"तोतो... पुढच्या जहाजाने जा ना."

त्याचं हसू मावळलं. "आठ महिने घरी बसलोय, मनांग. बायकोचे दिवस भरत आलेत. हात जोडतो, काहीतरी कर."

साडेचार वाजले होते. आपले डोळे थकलेत, तिने स्वतःला बजावलं. त्याच्या मूळ कागदांचे मोबाइलवर फोटो काढले आणि तिथूनच पाठवले.

उत्तर आलं... "सातही मिळाल्या."

तो निघाल्यापासून अठराव्या दिवशी जहाजावरून निरोप आला. समुद्र शांत होता. फेलिसितो कॉफीचा कप घेऊन डेकवर गेला... परत आला नाही. दोन दिवस शोधलं. काहीच सापडलं नाही.

त्याच्या बायकोला हे सांगायचं हर्मिनियाच्याच वाट्याला आलं.

याला सहा वर्षं झाली. आता कुणाची फाइल अडली, की ती त्याला जाऊच देत नाही. माणसं शिव्या घालतात. ती ऐकून घेते.

गेल्या बुधवारी तिने नऊ फाइल्स पाठवल्या.

पोचल्या आठ.

नववी तिच्या सख्ख्या भाच्याची. तिने त्याला काहीबाही कारण सांगून थांबवलं.

काल त्याचा फोन आला. भलताच खुशीत होता.

"तिता, तुझी कटकट मिटवली! मीच पाठवली मोबाइलवरून. पोचलीसुद्धा!"

सोमवारी त्याचं जहाज आहे.