परतायची जागा

आमच्या ऑफिसात ज्याला कॉम्प्युटर हवा असेल तो पोर्टलवर जाऊन स्वतःच बनवून घेतो. खरं यंत्र नसतं ते. तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या पोटात आखून दिलेली जागा. आम्ही तिला मशीन म्हणतो. लोक मशीन घेतात आणि विसरतात. बेवारस मशीनं शोधून पुसणं हे माझं काम. पूर्वी ते आईचं होतं.

आई गेल्यावर दीड वर्षाने मला मुलगी झाली. तिला आईचंच नाव ठेवलं. दिवसा बाबा तिला सांभाळतात.

दुपारी साहेब टेबलापाशी आले. "आईंचं मशीन अजून चालू आहे. मी पुसू का?"

"नको. मी पुसते."

पुसण्याआधी उघडलं. आत एकच स्नॅपशॉट होता. मशीन एखाद्या क्षणी जसं असतं तसं जपून ठेवायचं, म्हणजे बिघडलं तर तिथे परतता येतं. कशालाही हात लावण्याआधी एक नवा घ्यायचा, हा आईचा दंडक. "परतायला जागा ठेव गं, मग हवा तेवढा धुडगूस घाल." या स्नॅपशॉटला तिने नाव दिलं होतं: दवाखान्यात जाण्यापूर्वी.

मला तिच्या मशीनचा पडदा एकदा बघायचा होता, एवढंच. मी 'परत जा' दाबलं. यानंतरचे सर्व बदल नष्ट होतील, अशी सूचना आली. ती कोण वाचतं? 'हो' म्हटलं.

पडदा उजळला. पाठीला ऊब लागली. खुर्चीवर आईचा स्वेटर होता, नुकताच काढून ठेवल्यासारखा.

"आई जेवायला गेल्या?" शेजारच्या अकाउंटंटने विचारलं.

"असली थट्टा नको हं."

"कसली थट्टा?" तो खरंच गोंधळला होता.

मी घरी फोन लावला. "बाबा, बाळ झोपलंय?"

"कुणाचं बाळ?"

त्या शब्दासरशी दूध आलं, ब्लाउज भिजला. मी स्नॅपशॉटची यादी उघडली. परतण्याआधीची, सकाळची स्थिती हवी होती.

मी ती जपलीच नव्हती.

घरी बाबांनी दार उघडलं. आई गेल्यावर स्वयंपाक शिकताना त्यांचा हात भाजला होता. हातावर चट्टा नव्हता.

पाळणा असायचा त्या कोपऱ्यात आईचं शिवणयंत्र होतं.

ब्लाउज चाचपला. कोरडा.

मी मुलीला नावाने हाक मारली. मग आणखी मोठ्याने.

"ओ!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "आईला नावाने हाका मारायला कधी शिकलीस गं?"