नाव नसलेलं पत्रक

अक्षता गमरेने पाचशे पत्रकं छापून आणली होती आणि सकाळी साडेसहापासून साडेसातपर्यंत त्यातलं एकही कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

सीवूड्सच्या बागेच्या फाटकाशी ती उभी होती. फिरायला येणारे येत होते, जात होते. एखादी काकू जवळ आली की अक्षताचा हात पुढे व्हायचा... आणि ऐन वेळी स्वतःच्याच केसांवरून फिरून परत यायचा. एका आजोबांना तर तिने पत्रकाऐवजी नुसतं "गुड मॉर्निंग" दिलं. ही कोण बुवा, म्हणून ते बिचारे दोनदा मागे वळून बघत गेले.

तेवढ्यात खाडीवरून वारा आला. गठ्ठ्यातलं वरचं पत्रक निसटलं, भिरभिरलं, आणि फाटकावर बॅनर बांधायला शिडीवर चढलेल्या एका तरुणाच्या छातीवर जाऊन चिकटलं.

त्याने ते सोडवलं. शिडीवरच उभं राहून वाचलं. उलटून मागची बाजू पाहिली. पुन्हा वाचलं.

"ओ मॅडम!"

"सॉरी... उडालं ते."

"उडू दे. पण ह्याच्यावर तुमचं नावच नाहीये."

"हो— म्हणजे, नाहीये."

"फोन नंबर?"

"तोपण... नाहीये."

"'तूप लावून काशाच्या वाटीने तळपायाचं मालिश. मान, पाठ, खांदे. फक्त स्त्रिया व ज्येष्ठ नागरिकांसाठी. नेरूळ.' बस? एवढ्या मोठ्या नेरूळमध्ये लोकांनी काय तुपाच्या वासावर यायचं?"

अक्षताला हसू आवरलं नाही. हसली आणि लगेच मान खाली घातली. पण तेवढ्यात शिडीवरच्याने ते हसू पाहून घेतलं होतं, आणि सुतळीची गाठ तो दुसऱ्यांदा चुकला.

त्याचं नाव अश्विन खिल्लारे. रबाळ्याला त्याचा बोर्ड बनवायचा लहानसा गाळा होता. कानामागे पेन्सिल, पापण्यांवर ॲक्रिलिकचा पांढरा भुगा, आणि रस्त्यातली प्रत्येक पाटी वाचून तिच्यातली चूक काढायची खोड. त्या दिवशी तो ज्येष्ठ नागरिक संघाचा बॅनर लावायला आला होता. खाली उतरून त्याने अर्धी पत्रकं स्वतःच्या हातात घेतली आणि तासाभरात वाटूनही टाकली. प्रत्येकाला सांगत होता, "नाव विचारू नका काका, सरप्राइज आहे."

तर ही अक्षता. तिचे हात म्हणाल तर बोलके, आणि तोंड मुकं. काम करताना मात्र तिला कंठ फुटायचा. वाटी तळपायावर गोल फिरायला लागली की ती समोरच्या बाईशी भाजीच्या भावापासून टाचेच्या भेगांपर्यंत सगळं बोलायची. हात रिकामे झाले की जीभ टाळ्याला चिकटलीच. पुण्याला राहून ती हे सगळं रीतसर शिकली होती, पाठीच्या मणक्यांपासून श्वासापर्यंत. मग चार वर्षं वाशीतल्या एका हॉटेलच्या स्पामध्ये काढली. तिथे पहिल्याच दिवशी छातीवर बिल्ला लावला होता— 'रोझी'. गिऱ्हाइकांना म्हणायला सोपं पडतं म्हणे. चार वर्षं लोकांची दुखणी अक्षताने काढली आणि शाबासकी रोझीने घेतली.

दिवाळीत तिने ती नोकरी सोडली. सिडकोच्या बैठ्या घराची पुढची खोली रिकामी केली, भिंतींना चुना दिला, पांढरी चादर अंथरली. पण लोकांना कळणार कसं? एकदा तिने फोन नंबर टाकून जाहिरात केली, तर नको नको ते पुरुष नको नको ते विचारायला लागले. तेव्हापासून फोन आईच्या ताब्यात. आई, म्हणजे विजयमालाबाई, तो उचलून अशा काही आवाजात "कोण पाहिजे?" म्हणायच्या, की वाईट माणसं घाबरायचीच, पण चांगली माणसंही घाबरायची.

आणि आता स्पाच्या मॅनेजरचा निरोप आला होता. रोझीची जागा अजून रिकामी आहे, एक तारखेपर्यंत ये. घरात दिवसभर रिकामी चादर बघून अक्षताचं मन हळूहळू तिकडे झुकायला लागलं होतं. हातात उरले होते सतरा दिवस.

दारावरचा बोर्ड मीच करतो म्हणून अश्विनने फाटकाशीच तिचा पत्ता घेतला होता. चार दिवसांनी तो घरी आला. बोर्डाचा नमुना घेऊन, आणि सोबत वडिलांना घेऊन.

"हे आमचे पप्पा, किसन खिल्लारे. ज्येष्ठ नागरिक आहेत. कागदपत्रं दाखवू?"

"नको," अक्षता पुटपुटली.

किसनराव दारातून आत आले, विजयमालाबाईंना "जय भीम ताई" म्हणाले आणि टेकले. तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहून काढलेली. पायांची आग आग व्हायची, झोप म्हणून लागायची नाही. अक्षताने त्यांचे पाय मांडीवर घेतले, गाईचं तूप लावलं, वाटी फिरवायला सुरुवात केली. आणि काय आश्चर्य, पोरगी बोलायला लागली!

"काका, ही टाच बघा, सगळा भार इथं घेतलाय तुमी. उजव्या पायावर रेलून उभे राहायचात ना?"

"तुला गं कसं कळलं?"

"पायच सांगतात की. तोंडाने माणूस खोटं बोलेल, पाय नाही बोलत."

कोपऱ्यात बसलेला अश्विन नमुन्याचा कागद विसरून तिच्याकडे बघत राहिला. हीच का ती, फाटकाशी उभी राहून गुड मॉर्निंग वाटणारी? तूप काळं पडत गेलं, वाटीचा एकसारखा आवाज येत राहिला, आणि वीस मिनिटांत किसनराव घोरायला लागले.

"तीन वर्षांत पहिल्यांदा पप्पा दुपारी झोपलेत," अश्विन हळूच म्हणाला. "माझा खांदापण दुखतो हं. दिवसभर अक्षरं कापून."

"पत्रक वाचलंत ना? स्त्रिया आणि ज्येष्ठ."

"साठीला अजून एकतीस वर्षं आहेत. थांबू?"

अक्षताचे कान लाल झाले. पण वाटी अजून हातात होती, म्हणून उत्तर सुचलं. "थांबा. नंबर लावून ठेवते."

मग तो येतच राहिला. कधी अक्षरांचा रंग दाखवायला, कधी पितळ बरं की स्टील ते विचारायला. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की अक्षता उगाचच वाटी पुसायला घ्यायची. पुसून पुसून वाटीत तोंड दिसायला लागलं, तरी बोर्डावर नाव काय घालायचं ते काही ठरेना.

अकराव्या दिवशी तिने सांगून टाकलं. "रोझी लिहा."

"कोण रोझी?"

तिने बिल्ल्याची गोष्ट सांगितली. "ओळखीतले म्हणतील, गमऱ्यांची मुलगी मसाज करते. कसं ऐकायला लागतं... तुमाला नाही कळायचं. रोझी लिहिलं की मी तिच्यामागे लपून राहीन."

अश्विनने कागदाची सुरळी केली. चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं होतं. "मॅडम, मी आजवर दारूच्या दुकानाचे बोर्ड केलेत, टक्कल घालवणाऱ्या तेलाचेपण केलेत. पण रोझीचा नाही करणार. माझ्या बापाला जिने झोपवलं तिचं नाव अक्षता आहे. तिचा असेल तर सांगा."

"बोर्ड माझा आहे. काय लिहायचं ते मी ठरवणार!"

"ठरवा ना. तेच तर म्हणतोय."

तो निघून गेला. अक्षता तणतणत आत आली आणि आईला म्हणाली, "फार शहाणा समजतो स्वतःला." विजयमालाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समजू दे. पण खोटं काय बोलला?"

रात्रभर अक्षताला तेच वाक्य टोचत राहिलं.

त्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाची मासिक सभा होती. संघाचे सेक्रेटरी नंदकुमार यांनी तिला दहा मिनिटं दिली होती. शब्द किसनरावांनी टाकला होता, हे तिला नंतर कळलं. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. हातात माईक. आणि समोर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून अश्विन. भांडणानंतर तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. येऊ नये असंही वाटलं नव्हतं.

"नमस्कार... मी..."

पुढचं येईना. मागून एक बाई कुजबुजली, "मालिशवाली का? ते स्पाबिपा असतं तसलं?" ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

अक्षताने ते ऐकलं आणि मान वर केली. चार वर्षं रोझीने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. अक्षताने का ऐकावं?

तिने माईक नंदकुमारांच्या हातात दिला. "मला उभं राहून बोलता येत नाही. बसून येतं. जरा माझ्या तोंडापाशी धरता का?" असं म्हणून तिने जमिनीवरच मांडी घातली आणि पहिल्या रांगेतल्या किसनरावांकडे पाहिलं. "काका, पाय द्या."

किसनरावांनी चपला सोडल्या आणि राजासारखा पाय पुढे केला.

वाटी फिरायला लागली. आणि मग काय! ती बोलली— मशीनसमोर उभ्या राहिलेल्या पायांबद्दल बोलली, बस धरायला धावलेल्या गुडघ्यांबद्दल, चाळीस वर्षं ओट्याशी वाकलेल्या पाठींबद्दल. कुठलं दुखणं हाताने कमी होतं आणि कुठल्याला डॉक्टरच लागतो, तेही स्पष्ट सांगितलं. लोक खुर्च्या पुढे ओढून घेऊ लागले. कुजबुजणारी बाई तर उभी राहून बघत होती.

"हे काम हलकं नाही," अक्षता म्हणाली. "आणि मला त्याची लाजही नाही. ह्या पायांनी हे शहर उभं केलंय. ते पाय मांडीवर घ्यायला मिळतात, ह्याचा मला अभिमान वाटतो. माझं नाव अक्षता गमरे. सिडकोच्या बैठ्या घरांत, पिंपळाजवळ राहते. नंबर घ्या."

आणि तिने नंबर सांगितला. दोनदा सांगितला.

टाळ्या वाजल्या. त्या मोठ्या आवाजातही किसनराव शांतपणे घोरत होते. सगळा हॉल हसला. अक्षताने भिंतीकडे पाहिलं. अश्विन टाळ्या वाजवायचं सोडून डोळ्यांतला भुगा पुसत होता. रविवारचा कसला आलाय भुगा? गाळा तर बंद होता.

एक तारीख आली तेव्हा अक्षता स्पामध्ये नव्हती. आपल्याच दाराबाहेर उभी होती, आणि अश्विन शिडीवर. संध्याकाळचं ऊन पितळी अक्षरांवर पडलं होतं. 'अक्षता' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'काशाची वाटी, अंगमर्दन'. नावाच्या पुढे मात्र मोकळी जागा.

"इथं काय राहिलं?" तिने विचारलं.

तो खाली उतरला. आज त्याच्याच तोंडून शब्द फुटेना. "आडनाव. म्हणजे... ते तुमी ठरवायचं. मी... मला विचारायचं होतं, की..."

"हात द्या."

"काय?"

"हात. उजवा."

"पण मी ज्येष्ठ नाही, आणि..."

"गिऱ्हाईक म्हणून नाही घेत." अक्षताने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. करवतीने घट्टे पडलेला, डिंकाने खरखरीत झालेला हात. अंगठ्याच्या मुळाशी ती हळूहळू दाबत गेली, आणि शब्द आपोआप आले. "मला तुमी आवडता. फाटकाशी पत्रकं वाटलीत, तेव्हापासून. भांडलात, तेव्हा जास्त. तुमाला जे विचारायचंय त्याचं उत्तर हो आहे. पण एक सांगते. एकदा माझं नाव बदललं होतं लोकांनी. आता कुणी बदलायचं नाही. लग्नातपण नाही. चालेल?"

अश्विनने डावा हात खिशात घातला आणि मूठ तिच्यासमोर उघडली. तळहातावर तीन पितळी अक्षरं होती. ग. म. रे.

"परवाच कापून ठेवलीयेत," तो म्हणाला. "आणि इपॉक्सीने चिकटवणार आहे, अक्षता. भिंत पडेल, पण ही निघायची नाहीत."

तिने त्याचा हात सोडला नाही. हात धरलेला असेल तर अक्षरं चिकटवायची कशी, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

तेवढ्यात आत फोन वाजला. विजयमालाबाईंनी नेहमीसारखा चटकन उचलला, घसा खाकरला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"हॅलो! अक्षता गमरे यांच्याकडे. बोला!"